भूकंपातला पाईल कॉम्प्युटरवर मांडायचाय? आधी नुसती माती हलवून बघा

२६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊच्या सुमाराला भुजचा भूकंप झाला, ७.७ तीव्रतेचा, आणि कांडला बंदरात पोर्ट आणि कस्टम्सच्या ऑफिसचा जो टॉवर होता तो एका बाजूला कलला. पडला नाही, कलला. साधारण २२ मीटर उंच इमारत, खाली काँक्रीटची मॅट म्हणजे सगळ्या इमारतीखालची सलग जाड लादी, मॅटखाली ३२ पाईल म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, प्रत्येक ४० सेंटीमीटर व्यासाचा आणि १८ मीटर लांब. वरची दहा मीटर चिकणमाती, त्याखाली साधारण बारा मीटर वाळू आणि त्याच्याही खाली परत कडक माती. आता सांगा पाईलचं टोक कुठे होतं? वाळूत. आणि भूकंपात नेमकी तीच वाळू पातळ झाली, म्हणजे लिक्विफॅक्शन झालं.

मला नवीन पोरं विचारतात की पाईलचं भूकंपाचं अ‍ॅनालिसिस शिकायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ. मी सांगतो सॉफ्टवेअर राहू दे, आधी कांडल्याचा टॉवर कागदावर काढ. कारण या एकाच केसमध्ये सगळं आहे, मऊ माती आहे, पातळ होणारी वाळू आहे, मॅट आणि पाईल दोघांनी मिळून उचललेला भार आहे, पाण्याच्या कडेला सरकणारी जमीन आहे. आणि उत्तर आपल्याला आधीच माहितीये, की इमारत कलली पण उभी राहिली. मॉडेल शिकताना उत्तर माहीत असलेलं गणितच घ्यावं.

या सगळ्यात माझं म्हणणं एकच आहे. पाईलचं मॉडेल म्हणजे मुळात मातीचं मॉडेल, पाईल त्यात सगळ्यात शेवटी येतो. आणि प्रत्येक टप्प्यावर हाताने काढलेलं एक उत्तर शेजारी असलंच पाहिजे, ते जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. खाली तोच क्रम लिहितोय.

आधी दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या करा

भूकंपात पाईलवर दोन वेगवेगळी कामं होतात. एक म्हणजे वरची इमारत हलते, तिचं वस्तुमान पाईलच्या डोक्याला ढकलतं, याला इनर्शियल म्हणतात, आणि आपल्या डिझाईन ऑफिसमध्ये बहुतेक वेळा एवढंच बघितलं जातं, बेस शिअर (इमारतीच्या तळाशी येणारं भूकंपाचं आडवं बल) काढला, पाईलच्या संख्येने भागला, आयएस २९११ या पाईलच्या भारतीय कोडमधून फिक्सिटीची खोली (जिथे पाईल मातीत घट्ट धरला गेलाय असं मानतात ती) काढली, मोमेंट म्हणजे पाईलला वाकवणारा जोर काढला, संपलं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि ते विसरलं जातं. जमीन स्वतः हलते आणि पाईलला आपल्याबरोबर वाकवते, वर इमारत नसली तरीही. याला कायनेमॅटिक म्हणतात. जिथे मऊ थर संपून कडक थर सुरू होतो तिथे हा मोमेंट एकदम उसळतो, कारण वरची माती वीस-तीस मिलिमीटर सरकतेय आणि खालची जवळजवळ जागेवर आहे, मधल्या मधे पाईलने काय करायचं?

मुंबईत हे रोज आपल्या पायाखाली आहे. खाडीचा मऊ चिखल वर आणि बेसॉल्ट खाली, पाईल खडकात सॉकेट केलेला, म्हणजे खडकात भोक पाडून आत घुसवलेला. मुंबई आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत झोन ३ मध्ये आहे, तिथे वाळू पातळ होण्याचा प्रश्न प्रत्येक साईटवर नसेल, पण सॉकेटच्या तोंडाशी येणारा कायनेमॅटिक मोमेंट नक्की असतो, आणि रिइन्फोर्समेंट मात्र कित्येकदा खाली जाताना कमी केलेली असते.

इनर्शियलवर सगळा दोष टाकू नये याचं जुनं उदाहरण म्हणजे जपानमधल्या निगाताचा शोवा पूल. १६ जून १९६४ चा भूकंप, पूल जेमतेम महिनाभरापूर्वी झालेला, ६० सेंटीमीटर व्यासाचे आणि २५ मीटर लांबीचे पोलादी पाईल. बघणाऱ्यांनी सांगितलं की गाळे पडले ते हादरे थांबल्यावर, साधारण मिनिटभराने. हादरे थांबल्यावर इनर्शिया कुठून आणणार? खालची नदीची वाळू पातळ झालेली होती, पाईलला बाजूचा आधार राहिला नव्हता. तेव्हा तुमच्या मॉडेलमध्ये हादरे संपल्यावरची मिनिटंही असली पाहिजेत, रेकॉर्ड संपलं की रन बंद करायचा नाही.

बोअरलॉग वाचणं

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. बोअरलॉगमध्ये, म्हणजे जमिनीत भोक पाडून केलेल्या थरांच्या नोंदीत, एसपीटीचा एन आकडा असतो (ठरलेल्या हॅमरचे किती ठोके लागले तो), तो तसाच उचलू नका, हॅमर कुठला होता, दोर हाताने ओढत होते की ऑटोमॅटिक होता, त्यावर एनर्जी बदलते आणि करेक्शन करून एन-साठ, म्हणजे ६० टक्के एनर्जीला आणलेला एन, काढावा लागतो. चिकणमातीत एसपीटीवर फार विसंबू नका, तिथे वेन शिअर (मातीत पाती फिरवून ताकद मोजायची टेस्ट) किंवा नीट काढलेलं, न हललेलं अनडिस्टर्ब्ड सँपल पाहिजे. वाळूत चाळण बघा, बारीक गाळ किती टक्के आहे. पाण्याची पातळी कधी मोजली ते विचारा, बंदराजवळ भरती-ओहोटीने ती वरखाली होते, आणि लिक्विफॅक्शनचं सगळं गणित त्या पातळीवर बसलेलं आहे.

शिअर वेव्हचा, म्हणजे मातीला आडवं हलवत जाणाऱ्या लाटेचा वेग मोजलेला असेल तर उत्तम, नसेल तर जपानी हायवे पुलांच्या कोडमधलं सोपं सूत्र आहे, वाळूसाठी ८० गुणिले एनचं घनमूळ, चिकणमातीसाठी १०० गुणिले एनचं घनमूळ. एन १० असेल तर वाळूत वेग १७२ मीटर प्रति सेकंद येतो. घनता १.९ टन प्रति घनमीटर धरली तर जी-मॅक्स, म्हणजे मातीचा शिअरमधला सुरुवातीचा ताठपणा, घनता गुणिले वेगाचा वर्ग, साधारण ५६,००० किलोपास्कल. हा आकडा लक्षात ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये ५६ टाकला गेला किंवा ५.६ कोटी टाकला गेला तर तो गप्प बसून रन करेल आणि सुंदर ग्राफ काढून देईल.

युनिट पहिल्याच ओळीत ठरवा आणि भिंतीवर लिहून ठेवा, किलोन्यूटन, मीटर, सेकंद, टन. वस्तुमान टनात, किलोग्रॅममध्ये नाही. भूकंपाचं रेकॉर्ड बऱ्याचदा जीमध्ये, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या पटीत असतं, त्याला ९.८१ ने गुणा. एकदा माझ्या एका मॉडेलमध्ये हे गुणायचं राहिलं होतं आणि दोन दिवस मी वाळू का पातळ होत नाही याचं कारण मटेरियलमध्ये शोधत बसलो होतो.

नुसत्या मातीचा खांब

आता कॉम्प्युटर. मी ओपनसीज वापरतो, बर्कलेचं, फुकट आहे, आणि आता पायथनमधूनही चालतं म्हणून नवीन मुलांना सोपं जातं. पण सुरुवात डीपसॉइलने केली तरी चालेल, इलिनॉय विद्यापीठाचं, तेही फुकट, एका दुपारी शिकून होतं. प्लॅक्सिस किंवा फ्लॅक थ्रीडी ऑफिसात असेल तर असू दे, पण थ्रीडीमध्ये पहिल्या दिवशी उडी मारू नका, चूक झाली तर ती कुठे आहे हे सापडतच नाही.

पाईल नाही, इमारत नाही, फक्त एक मीटर रुंदीचा मातीचा उभा खांब, कांडल्यासाठी २२ मीटरचा, दहा मीटर चिकणमाती आणि बारा मीटर वाळू. मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत कापतो ती एलिमेंट, आणि त्यांचे कोपरे म्हणजे नोड. एलिमेंटची उंची किती ठेवायची? लाटेच्या लांबीत निदान आठ एलिमेंट बसली पाहिजेत. सगळ्यात मऊ थराचा वेग १२० धरा, आपल्याला १५ हर्ट्झपर्यंत बघायचंय, तर लांबी ८ मीटर, भागिले आठ म्हणजे एक मीटर. वाळूच्या थरात मी अर्धा मीटर ठेवतो कारण तिथे पाण्याचा दाब कसा वाढतो ते नीट बघायचं असतं. खांबाचे डावे-उजवे नोड इक्वल-डॉफ या कमांडने एकमेकांना बांधा, म्हणजे दोन्ही बाजू बरोबर हलतील, म्हणजेच जमीन दोन्हीकडे अनंत पसरलेली आहे असं आपण सांगतोय.

खालचं टोक पक्कं बांधू नका. पक्कं बांधलं तर वरून परत आलेली लाट खाली आपटून पुन्हा वर येते, खऱ्या जमिनीत ती खाली निघून जाते. म्हणून तळाला डॅशपॉट, म्हणजे लाटेची ऊर्जा शोषणारा घटक लावायचा, त्याचा गुणांक म्हणजे खालच्या थराची घनता गुणिले वेग गुणिले क्षेत्रफळ. घनता २.२, वेग ७००, क्षेत्रफळ १ चौरस मीटर, झाले १५४० किलोन्यूटन सेकंद प्रति मीटर. आणि भूकंप अ‍ॅक्सिलरेशन म्हणून द्यायचा नाही, उघड्या खडकावरच्या रेकॉर्डचा व्हेलॉसिटी घेऊन त्याला १५४० ने गुणून बल म्हणून तळाच्या नोडला द्यायचं.

इथे दोनचा घोळ हमखास होतो, आउटक्रॉपचा म्हणजे उघड्या खडकावरचा वेग की वर येणाऱ्या लाटेचा वेग, एक दुसऱ्याच्या दुप्पट असतो. तपासायची पद्धत सोपी आहे, सगळ्या खांबाला खालच्या खडकाचेच गुणधर्म द्या, डॅम्पिंग शून्याच्या जवळ ठेवा आणि रन करा. वर जे येईल ते दिलेल्या रेकॉर्डसारखंच यायला पाहिजे, किंचित उशिराने. दुप्पट आलं किंवा निम्मं आलं तर चूक तुमच्या बलाच्या ओळीत आहे.

दुसरी तपासणी, माती इलॅस्टिक ठेवा, तळ तात्पुरता पक्का करा. सरासरी वेग १५० आणि जाडी २२ मीटर असेल तर नैसर्गिक कालावधी चार गुणिले जाडी भागिले वेग, म्हणजे ०.५९ सेकंद, फ्रिक्वेन्सी १.७ हर्ट्झ. वर आणि खाली यांचं गुणोत्तर काढा, शिखर १.७ च्या आसपास यायलाच पाहिजे, आणि ५ टक्के डॅम्पिंग असेल तर त्या शिखराची उंची साधारण १२.७ यायला पाहिजे, दोन भागिले पाय गुणिले डॅम्पिंग. रॅले डॅम्पिंग (सॉफ्टवेअरमध्ये डॅम्पिंग द्यायची नेहमीची पद्धत, ती दोन फ्रिक्वेन्सींना बसवतात) पहिल्या फ्रिक्वेन्सीला आणि तिच्या पाचपटीला बसवा म्हणजे मधल्या भागात फार बिघडत नाही. पुढे माती नॉनलिनिअर केली की हे डॅम्पिंग एक-दोन टक्क्यांवर आणा, कारण माती मागे-पुढे हलताना स्वतःच ऊर्जा खाते (हिस्टेरेसिस), दोन्ही पूर्ण ठेवली तर मॉडेल नको तेवढं शांत होतं.

हे दोन्ही जुळलं की मगच वाळू.

वाळू पातळ करणं

कॉम्प्युटर लावण्याआधी सीड आणि इड्रिस यांचं साधं सूत्र हाताने करा. जमिनीवर ०.२ जी धरा, १२ मीटर खोलीवर एकूण दाब २१६ किलोपास्कल, पाणी दोन मीटरवर असेल तर पाण्याचा दाब ९८, म्हणजे इफेक्टिव्ह, मातीच्या कणांवरचा खरा दाब, ११८. आरडी, म्हणजे खोलीनुसार हादरा कमी करणारा गुणक, त्या खोलीला ०.८५. मग सायक्लिक स्ट्रेस रेशो, म्हणजे भूकंपाचा मातीवरचा शिअर ताण भागिले इफेक्टिव्ह दाब, ०.६५ गुणिले ०.२ गुणिले १.८३ गुणिले ०.८५, आला ०.२०. आता तुमच्या एन-साठवरून (खोलीच्या दाबाचं करेक्शन करून) वाळूची ताकद किती ते त्याच पद्धतीच्या तक्त्यातून बघा, ०.२० पेक्षा कमी असेल तर ती पातळ होणार. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या मॉडेलला लगाम तोच आहे.

ओपनसीजमध्ये वाळूसाठी पीडीएमवाय-०२ नावाचं मटेरियल आहे, पाण्याचा दाब धरणाऱ्या क्वाड-यूपी एलिमेंटबरोबर चालतं. मॅन्युअलमध्ये ३० ते ७५ टक्के रिलेटिव्ह डेन्सिटीसाठी (वाळू किती घट्ट बसलीये त्याचं माप) सुचवलेले आकडे दिलेत, लोक ते उचलून थेट खांबात टाकतात. तसं करू नका. आधी एकच एलिमेंट घ्या, त्याला गुरुत्वाचा दाब द्या, मग पाणी बाहेर जाऊ न देता मागे-पुढे शिअर द्या. तक्त्यात जी ताकद ७.५ तीव्रतेसाठी मिळाली, तेवढ्या स्ट्रेस रेशोला साधारण १५ फेऱ्यांत ते पातळ व्हायला पाहिजे. पाच फेऱ्यांत झालं किंवा चाळीस लागल्या तर काँट्रॅक्शनचे (हलल्यावर वाळू किती आकसते त्याचे) पॅरामीटर बदलत राहा जोपर्यंत जुळत नाही. पीएम-फोर-सँड हे दुसरं मटेरियल आहे, डेव्हिस विद्यापीठातल्या बूलांजर आणि झिओटोपूलू यांचं, त्याला मुख्य इनपुट कमी लागतात आणि मला ते जास्त आवडतं, पण एका एलिमेंटची टेस्ट त्यालाही चुकत नाही.

तीन जागी लोक अडकतात. पहिली, गुरुत्व लावताना मटेरियल इलॅस्टिक ठेवायचं आणि मग स्टेज बदलून प्लॅस्टिक करायचं, ही स्टेज बदलायची ओळ राहिली तर वाळू कधीच पातळ होणार नाही आणि कुठलीही एरर येणार नाही. दुसरी, क्वाड-यूपीमध्ये जी पर्मिअ‍ॅबिलिटी (मातीतून पाणी किती सहज जातं ते) द्यायची ती मीटर प्रति सेकंद नाही, तिला पाण्याच्या युनिट वेटने भागायचं. दहाचा वजा चौथा घात असेल तर भागिले ९.८१, म्हणजे साधारण १.०२ गुणिले दहाचा वजा पाचवा घात. हे भागायचं राहिलं तर वाळूतून पाणी दहापट वेगाने निघून जातं आणि दाब टिकतच नाही. तिसरी, गुरुत्वाच्या टप्प्यात पर्मिअ‍ॅबिलिटी मुद्दाम मोठी ठेवतात म्हणजे दाब लवकर स्थिरावतो, ती नंतर खऱ्या आकड्यावर आणायला विसरू नका.

गुरुत्वानंतर रन थांबवून बघा, प्रत्येक खोलीवर उभा इफेक्टिव्ह दाब हाताच्या गणिताशी जुळतो का. १२ मीटरवर ११८. जुळत नसेल तर पुढे जाण्यात काही अर्थ नाही.

आणि तुमचं एकूण मॉडेल खरं बोलतंय का हे बघायला कोबेचं पोर्ट आयलंड घ्या. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात तिथे जमिनीवर, १६, ३२ आणि ८३ मीटर खोलीवर यंत्रं बसवलेली होती. उत्तर-दक्षिण दिशेत ८३ मीटरवर ६७९ गॅल (सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग) आणि जमिनीवर ३४१ गॅल नोंदले गेले, म्हणजे वर येताना हादरा निम्म्यावर आला, कारण वरचा भराव पातळ झाला आणि त्याने जोराचे हादरे पुढे जाऊच दिले नाहीत. ८३ मीटरचं रेकॉर्ड तळाला द्या आणि वरचं जुळतंय का बघा. एक लक्षात घ्या, हे जमिनीच्या आतलं रेकॉर्ड आहे, त्यात खाली परतलेली लाट आधीच मिसळलेली आहे, म्हणून या एका केसला तळ पक्का ठेवायचा, डॅशपॉट नाही.

कुठलं रेकॉर्ड द्यायचं

भुजच्या वेळचं अहमदाबादच्या पासपोर्ट ऑफिसच्या स्टाफ क्वार्टर्सच्या इमारतीतलं रेकॉर्ड आहे, साधारण ०.१०६ जी, भूकंपाच्या केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर. ते मातीवर उभ्या इमारतीच्या तळमजल्यावर नोंदलंय, त्यामुळे सरळ खडकाच्या पातळीला देऊ नका, त्यात अहमदाबादची माती आधीच मिसळलेली आहे, डीकॉन्व्हॉल्व्ह करून घ्या, म्हणजे गणिताने त्या मातीचा परिणाम काढून टाका. आपल्याकडचं ११ डिसेंबर १९६७ चं कोयनेचं रेकॉर्ड जगभर धरणांच्या अ‍ॅनालिसिसमध्ये वापरलं जातं, ते धरणाच्या गॅलरीतलं आहे, हादरे छोटे आणि झटक्याचे, जवळच्या भूकंपाचे. कांडल्यासारख्या मऊ जागेला मोठे संथ हादरे जास्त त्रास देतात, म्हणून एकावर थांबू नका, निदान सात रेकॉर्ड घ्या, आणि प्रत्येकाचं बेसलाईन करेक्शन (रेकॉर्डची शून्य रेषा सरळ करणं) तपासा, नाहीतर शेवटी जमीन दीड मीटर सरकलेली दिसते आणि आपण तिला लॅटरल स्प्रेडिंग, म्हणजे पातळ झालेल्या जमिनीचं खरं आडवं सरकणं समजतो.

आता पाईल

४० सेंटीमीटर व्यास, आय (छेदाचा जडत्व आघूर्ण) म्हणजे ०.००१२५७ मीटरचा चौथा घात. एम-२५ काँक्रीट धरलं तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडप्रमाणे ई (लवचिकता गुणांक) २५,००० मेगापास्कल, म्हणून ईआय, म्हणजे वाकण्यातला ताठपणा, साधारण ३१,४०० किलोन्यूटन चौरस मीटर. (काँक्रीटचा ग्रेड आणि खाली येणारी चिकणमातीची ताकद हे मी सरावासाठी धरलेले आकडे आहेत, टॉवरच्या ड्रॉइंगमधले नाहीत.)

पाईल बीम एलिमेंटचा, दर अर्ध्या मीटरला नोड, आणि प्रत्येक नोडला मातीच्या जागी दोन स्प्रिंगा, आडवी पी-वाय आणि उभ्या घर्षणाची टी-झेड, आणि फक्त टोकाला तिसरी, खालच्या आधाराची क्यू-झेड. ओपनसीजमध्ये या तिन्ही तयार आहेत, झीरोलेंथ एलिमेंटमध्ये बसवायच्या. चिकणमातीसाठी मॅटलॉकची पी-वाय वक्ररेषा घ्या. अनड्रेन्ड ताकद (पाणी बाहेर न जाता मातीची शिअरमधली ताकद) २५ किलोपास्कल धरली तर खोलवर आडवी क्षमता नऊ गुणिले २५ गुणिले ०.४, म्हणजे ९० किलोन्यूटन प्रति मीटर. पण मटेरियलला जो आकडा द्यायचा तो प्रति मीटर नाही, तो त्या स्प्रिंगच्या वाट्याच्या लांबीने गुणलेला, अर्ध्या मीटरला ४५. टोकाच्या नोडला त्याच्याही निम्मं. हे गुणायचं राहिलं तर माती दुप्पट ताकदीची होते, आणि ही चूक मी चेक करायला आलेल्या मॉडेलमध्ये इतक्या वेळा बघितलीये की आता सगळ्यात आधी तीच ओळ उघडतो. वाय-५०, म्हणजे निम्म्या क्षमतेला स्प्रिंग किती दबते ते, येतं अडीच गुणिले स्ट्रेन गुणिले व्यास, ०.०१ स्ट्रेनला १० मिलिमीटर.

इथेही हाताचं उत्तर. सगळ्या स्प्रिंगा तात्पुरत्या सरळ रेषेच्या करा, ताठपणा २५०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. बीटा (मातीचा ताठपणा भागिले चारपट ईआय, त्याचं चौथं मूळ) येतो ०.३७६. डोक्याला मोकळ्या पाईलवर २० किलोन्यूटन आडवं ढकला, डोकं ६ मिलिमीटर सरकलं पाहिजे आणि सगळ्यात मोठा मोमेंट १७.२ किलोन्यूटन मीटर आला पाहिजे. डोकं फिरू न देता ढकललं तर सरकणं निम्मं, ३ मिलिमीटर, आणि डोक्यातला मोमेंट २६.६. हे जुळलं की स्प्रिंगा परत खऱ्या करा.

ग्रुपचं विसरू नका. ३२ पाईल एकमेकांच्या सावलीत आहेत. वाळूतल्या टेस्टवरून तीन व्यासाच्या अंतराला पुढच्या रांगेला ०.८, दुसऱ्या रांगेला ०.४, तिसऱ्या रांगेला ०.३ असे गुणक मिळालेत, पण भूकंपात पुढची रांग क्षणात मागची होते, म्हणून सगळ्यांना सरासरी गुणक लावणं बरं.

खांबातून पाईलकडे

आता दोन्ही जोडायचे. मातीच्या खांबाच्या रनमधून प्रत्येक खोलीचं विस्थापन वेळेनुसार सेव्ह केलेलं असतं, ते पी-वाय स्प्रिंगांच्या दूरच्या टोकाला द्यायचं, मल्टीसपोर्ट पॅटर्नने. वाळूतला इफेक्टिव्ह दाबही सेव्ह करा आणि पाय-लिक नावाच्या मटेरियलला टाइम सिरीज म्हणून द्या, मग वाळू जसजशी पातळ होईल तसतशी स्प्रिंग आपोआप ढिली होत जाते. एवढं नको असेल तर पातळ थरातल्या स्प्रिंगांची क्षमता साधारण ०.१ ने गुणा, पहिल्या अंदाजाला चालतं.

डॅशपॉटच्या पद्धतीने काढलेलं विस्थापन अ‍ॅब्सोल्यूट असतं. ते स्प्रिंगांना दिल्यावर वरून परत युनिफॉर्म एक्सायटेशन लावायचं नाही, नाहीतर इमारतीला एकच भूकंप दोनदा बसतो.

आणि बीमला पी-डेल्टा, म्हणजे वाकलेल्या पाईलवर उभ्या भाराने येणारा जादा मोमेंट, चालू ठेवा. कांडल्याचे पाईल अजून लांब असते आणि खालच्या कडक मातीत शिरले असते असं समजा, तर मधला बारा मीटरचा थर पातळ झाल्यावर तो पाईल बारा मीटरचा सडपातळ कॉलमच झाला. डोकं आणि टोक दोन्ही फिरू शकत नाहीत पण डोकं सरकू शकतं, मग ऑयलरचा भार, म्हणजे ज्या भाराला तो बाजूला मोडून पडेल तो, ३१,४०० गुणिले पायचा वर्ग भागिले १४४, म्हणजे २१५० किलोन्यूटन. तडे गेल्यावर ईआय निम्मा धरा, १०७५. पाईलवर ४०० चा भार असेल तर ऑयलरपेक्षा खूप कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आडवं सरकणं आणि मोमेंट तरीही जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढतात. पी-डेल्टा बंद असेल तर हे साठ टक्के तुम्हाला दिसणारच नाहीत.

प्रत्यक्षात टोक वाळूत होतं, त्यामुळे तिथे प्रश्न वाकण्याआधी खचण्याचा आहे. वाळू पातळ झाली की टोकाचा आधार गेला आणि वाळूतलं घर्षणही गेलं, राहिलं फक्त वरच्या दहा मीटर चिकणमातीचं घर्षण, परीघ १.२५७ गुणिले १० गुणिले २५, एका पाईलला ३१४ किलोन्यूटन. त्यापलीकडचा भार मॅटवर येतो, मॅट चिकणमातीवर टेकलेली आहे. म्हणून मॅटखाली उभ्या स्प्रिंगा घालाच, कित्येक जण पाईल आहेत म्हणून मॅटचा आधार शून्य धरतात. इथे तसं केलं तर मॉडेलमधला टॉवर पूर्ण खाली जातो, आणि खरा तर उभा राहिला. मला वाटतं त्या वरच्या चिकणमातीने आणि मॅटनेच त्याला धरून ठेवलं.

कलणं बघायचं असेल तर सपाट जमीन पुरणार नाही, सगळं सारखं खाली जाईल. मातीच्या खांबाला पाण्याच्या दिशेने एक-दोन अंशाचा उतार द्या, म्हणजे गुरुत्वाचा थोडा भाग आडवा लावा, आणि ग्रुपमधले दोन्ही कडेचे पाईल वेगळे मॉडेल करा, सगळे एकाच जाड पाईलमध्ये कोंबू नका. मग पाण्याकडची रांग आणि जमिनीकडची रांग वेगवेगळी खचताना दिसते.

रन अडकला तर लगेच टॉलरन्स ढिला करू नका. आधी टाईमस्टेप ०.००५ वरून ०.००१ करून बघा, मग समीकरणं सोडवायच्या न्यूटन पद्धतीऐवजी क्रायलोव्ह-न्यूटन. तरी अडकत असेल तर बहुतेक वेळा दोष एखाद्या स्प्रिंगच्या वाय-५० मध्ये असतो, शून्याच्या फार जवळ गेलेला.

निकालात काय बघायचं

पाईलच्या खोलीनुसार मोमेंटचा एनव्हलप (प्रत्येक खोलीवरचा सगळ्यात मोठा मोमेंट) काढा, आणि तीन रन शेजारी ठेवा, फक्त जमिनीची हालचाल (इमारतीचं वस्तुमान शून्य), फक्त इमारत (जमीन स्थिर), आणि दोन्ही एकत्र. पहिल्यात शिखर दहा मीटरच्या आसपास, चिकणमाती आणि वाळूच्या सीमेवर दिसायला पाहिजे. दुसऱ्यात मॅटच्या लगेच खाली. एकत्र रनमध्ये दोन्ही असतात पण ते एकाच क्षणी शिखराला असतीलच असं नाही, म्हणून नुसती बेरीज करून क्लायंटला घाबरवू नका आणि नुसतं मोठं घेऊन सोडूनही देऊ नका, वेळेनुसार बघा. मग रिइन्फोर्समेंटचा पिंजरा कुठे कमी केलाय ते ड्रॉइंगवर बघा आणि दहा मीटरच्या त्या शिखराशी मिळवा.

रिपोर्टमध्ये पाण्याची पातळी, एन-साठचं करेक्शन, प्रत्येक थराचा वेग आणि एका एलिमेंटच्या टेस्टचा ग्राफ हे पहिल्या दोन पानांत टाका. हातची उत्तरं आणि मॉडेलची उत्तरं एका टेबलात शेजारी ठेवा, ०.५९ सेकंद, १२.७, ११८ किलोपास्कल, ६ मिलिमीटर. आणि मग पाण्याची पातळी एक मीटर वर नेऊन, वाळूचा एन दोनने कमी करून परत रन करा, त्यात टॉवर किती जास्त खचतो तो आकडाही त्याच टेबलाच्या खाली लिहा.